रोज सकाळी बंद पडणारा पंप

३ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आम्ही दोघी ठीक आहोत. म्हणजे मी ठीक आणि आई हट्टी. बाबांनी बसवलेला, घर गरम ठेवणारा हीट पंप हल्ली रोज सकाळी बंद पडतो. मी साडेपाचला बेकरीत जाते तेव्हा घर उबदार असतं, नऊला येते तर सगळं गारठलेलं आणि आई शालीत गुरफटून खोकत बसलेली. मिस्त्री दुपारी येतात, तेव्हा मेला शहाण्यासारखा चालतो!

डॉक्टरांनी बजावलंय, महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर आईला तुझ्याकडे हलवा. ती म्हणते, हे घर सोडणार नाही. पण काल गुपचूप कपाट रिकामं करताना दिसली. तू असल्याच यंत्रांचा मिस्त्री ना? मग लढव डोकं.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला माझ्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कोंडायची मलाही हौस नाही. आतल्या पेटीची जाळी धू, बाहेरच्या पेटीभोवतीचा पाला काढ. तरी बंद पडला तर एक दिवस रजा काढून त्याच्यासमोर ठाण मांड. बाबा म्हणायचे, यंत्र वेळ पाळून बिघडत नाही, वेळ पाळतात ती माणसं.

आठवतं, मला पाना धरायला लावायचे आणि चुकलो की कान सैल झालाय का बघू म्हणत तोच पाना कानाला लावायचे? कान अजून शाबूत आहेत, तेव्हा हवं तेवढं ओरड.

तुझा,
खटपट्या

१५ नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

जाळी धुतली, पाला काढला, ढिम्म फरक नाही. काल रजा काढली. पावणेसातला आईने कपाटातून बाबांचा जाड कोट काढला आणि पेटीवरच्या खुंटीला टांगला, थेट गरम हवेच्या तोंडावर. वीस मिनिटांत पंप गप्प.

बाबा सातला बाहेर पडायचे, म्हणून ती रोज कोट असा गरम करून ठेवायची. तेव्हा तो लगेच अंगावर चढायचा. बाबा गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा, आता तो तासभर तसाच लोंबतो. मग ती तो घडी करून आत ठेवते. मी तिला काय सांगू? माझ्याच्याने तो कोट काढवत नाही.

ताई

२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, वाचून रडलो. कोट काढू नकोस. तोंड झाकलं की गरम हवा उलटून आतच जाते, पंप फार तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो, मग तू येऊन बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. बिघाड काहीच नाही. खुंटी हातभर बाजूला ठोक, कोट तिथेही कोमट होईल.

खुंटी सरळ ठोक हो, बाबांची लेक आहेस!

खटपट्या

२ डिसेंबर

चि. खटपट्यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

पंप मीच बंद पाडत होते म्हणे! आधी हसले, मग रडले. आता घर दिवसभर उबदार असतं. डॉक्टर म्हणाले, इथेच राहा. कपाट पुन्हा लावलं.

कोट घालायला कोणी नाही, हे मला रोजच कळत होतं रे. पण पावणेसात वाजले की हात आपोआप कपाटाकडे जायचे. ताईने खुंटी वाकडी ठोकलीय, ती सरळ करायला ये. कोट तुझ्या मापाचा आहे, मी बघून ठेवलंय. सकाळी सातला दाराशी उभा राहा, गरम मिळेल.

वाट बघणारी,
आई