गणित मेळाव्यात कललेला मंडप

भूम,
रविवार, सकाळ.

तीर्थरूप चांगुणाआत्यांस,
राजपालचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्याचं कारण असं, की फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला मला मुद्द्याचं बोल म्हणता आणि माझा मुद्दा घशातच राहतो. तुमचे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला गेला का? इकडं आम्ही खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे. श्रावस्ती माझ्याशी बोलते, पण फक्त गणितात. काल भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, तर म्हणाली, कशाच्या तुलनेत? मी उठून मिठाची बरणी आणली.

तर झालं असं. तुमची सूनबाई हायस्कुलात गणित शिकवते, हे तुम्हाला माहीतच आहे. शाळेत एक खोली रिकामी होती आणि तिला तिथं गणिताची प्रयोगशाळा काढायची होती. (गणितात काय उकळायचं असतं, असं मी विचारलं होतं. ते विचारायला नको होतं.) खोली द्यायची की तिथं मोडके बाक ठेवायचे, हे ठरवायला शिक्षण खात्यातले कल्याणप्पा नावाचे साहेब येणार होते. गणित फळ्यावरच शोभतं, असं साहेबांचं ठाम मत. म्हणून श्रावस्तीनं मैदानावर गणित मेळावा भरवला, गणिताच्या एकेका शाखेचं एकेक दुकान मांडलं, आणि मंडप अर्थातच माझा. घरचाच मंडपवाला असल्यावर दुसरा कोण बघतो?

बीजगणिताच्या दुकानात पहिल्यांदा कळलं, की जी संख्या अजून सापडलेली नाही तिलाही नाव देऊन ठेवतात आणि मग निवांत शोधतात. (आमच्यात बाळंतपणाच्या वेळी असंच करतात, पण ते कुणी गणित म्हणत नाही.) पुढं संचाचं दुकान. तिथं जमिनीवर दोराची कडी टाकलेली. एका कड्यात चहा पिणारे, दुसऱ्यात ताक पिणारे, दोन्ही पिणारे मधल्या सामाईक जागेत. तिसरं कडं 'घरी भांडी घासणारे नवरे' ह्यांचं. मैदानभर नवरे, पण कड्यात एकही नाही. ह्याला रिक्त संच म्हणतात, असं श्रावस्तीनं समजावलं तेव्हा बायका इतक्या हसल्या, की मला राहवलं नाही आणि मी टुणकन कड्यात उडी मारली. शेजारच्या हरणाबाईंनी लगेच श्रावस्तीला पुरावा मागितला. श्रावस्तीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी बाहेर आलो. संच पुन्हा रिक्त झाला.

ह्यानंतर मला यंत्रात बसवण्यात आलं. फलन म्हणजे काय, तर एक नियम. आत एक गोष्ट टाकली की नियमाप्रमाणे एकच गोष्ट बाहेर येते, आणि तीच गोष्ट पुन्हा टाकली तर उत्तर बदलत नाही. त्यासाठी फ्रिजचं रिकामं खोकं होतं. त्यात एक सर बसणार होते, पण त्यांना शिंका सुरू झाल्या आणि शिंकणारं यंत्र श्रावस्तीला नको होतं. आमचा नियम दुप्पट करून एक मिळवायचा. सात चिंचोके टाकले की पंधरा बाहेर. शून्य टाकलं तरी एक मिळतो हे कळल्यावर लोकांनी नुसती शून्यांची रांग लावली. मग हरणाबाईंनी फटीतून एक भजं आत टाकलं आणि तीन भजी बाहेर येण्याची वाट बघत उभ्या राहिल्या. मला सकाळपासून भूक लागलेली. आता भजं गेलं ते गेलं, पण बाई खोक्यावर थापा मारून हिशेब मागायला लागल्या.

साहेब तोवर संभाव्यतेपाशी पोचले होते. छापा की काटा, दोन्हीची शक्यता सारखी, असं श्रावस्तीनं सांगितलं आणि साहेबांनी नाणं उडवलं. धूळ बसावी म्हणून मीच पाणी मारलेलं. नाणं चिखलात उभं रुतलं. साहेबांनी भुवया वर केल्या. पुढं भूमितीच्या धाकट्या भावंडाचं, आकार ओढण्या-ताणण्याच्या शाखेचं दुकान होतं. तिथं न फाडता नुसतं ओढून-ताणून उडीदवड्याचा कानवाला कप करता येतो, कारण दोघांना भोक एकच, म्हणून दोघं एकाच जातीचे मानतात, असं एक मुलगी सांगत होती. हरणाबाई म्हणाल्या, मग माझा चहा वड्यात ओत. साहेबांच्या भुवया खाली यायला तयार नव्हत्या.

शेवटी सीमा. साहेबांनी खुर्चीकडं जायचं, पण दर वेळी उरलेल्या अंतराच्या निम्मंच. निम्मं, मग त्याचं निम्मं. पोचायचं कधीच नाही, पण पाहिजे तितकं जवळ जायचं. बिचारे बसायच्या बेतात वाकून खुर्चीपासून बोटभर अंतरावर अडकले होते. आणि तेवढ्यात वारा सुटला.

आता एक सांगायचं राहिलं. मंडप कलू नये म्हणून त्याच्या चौकटीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा बांबू बांधतात. दर्शनी बाजूचा बांबू नेमका मेळाव्याच्या फलकावरच्या 'गणित' ह्या शब्दावरून जात होता. फोटोत गणित खोडल्यासारखं दिसलं असतं, म्हणून मी तो काढून ठेवला होता. खोक्याच्या फटीतून मला दिसलं, की माझे खांब एकाच दिशेनं, एकमेकांना न सोडता, शिस्तीत कलताहेत. आयताचा समांतरभुज चौकोन होत होता. मी उठलो, पण खोकं अंगात अडकलेलं. तसाच धावलो. (यंत्राला पाय फुटले म्हणून पोरं आनंदानं ओरडली.) समोरचं दिसेना, खांबाला धडकलो, मंडप आणखी कलला.

श्रावस्ती ओरडली, "पळू नका! तिरपा दोर बांधा!" तिनं रिक्त संचाचा दोर उचलला, एक टोक ह्या खांबाच्या बुडाशी गुंडाळलं आणि दुसरं पलीकडच्या खांबाच्या शेंड्याकडं फेकलं. तिथं साहेबच सगळ्यात जवळ होते. ते खुर्चीवर चढले, दोराचा शेंड्याला वळसा दिला आणि ओढून धरला. खांबांची करकर थांबली. मंडप तसाच तिरका, पण उभा राहिला.

साहेबांना घाम फुटलेला. "बाई, हे थांबलं कशानं?"

"सर, त्रिकोण झाला. चौकोन कलतो. त्रिकोणाच्या बाजू पक्क्या असल्या की तो कलत नाही."

साहेब दोराकडं बघत राहिले. "लई वर्षं फळ्यावर काढला मी हा. हातात आज आला." दोर सोडायच्या आधीच त्यांनी खोली मंजूर म्हणून सांगितलं. श्रावस्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोक्यातून टाळ्या वाजवल्या, त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

आतोबांना नमस्कार, लहानांना गोड पापा.

तुमचा,
राजपाल

ता. क. तुमचा व्यंकट उमरग्याला ज्या शाळेत मुख्याध्यापक आहे, त्या शाळेनंही असाच मेळावा घ्यायला श्रावस्तीला बोलावलंय. मंडपवाला कुठलाही चालेल, एक सोडून, असं तिनं कळवलंय. तेवढं व्यंकटच्या कानावर घाला, की मंडप राजपालचाच पाहिजे. तुमचा शब्द तो मोडणार नाही.

ता. क. २. हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुमच्या गल्लीतल्या एका पोराच्या हाती पाठवतोय. तुम्ही वाचताय तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पोत बसलोय. बांबू बरोबर आहेत. व्यंकट हो म्हणाला की हाक मारा, नाही म्हणाला तरी चौघांचा चहा टाका.