घर असल्याचा भास

४ मार्च

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. स्टेडियमवरची स्पर्धा संपेपर्यंत इथल्या कर्मचाऱ्यांचे मोबाईल गेटवर जमा करून घेतात. आतलं बाहेर जायला नको, म्हणे. पत्रांवर मात्र बंदी नाही; हल्ली कुणी पत्र लिहितं हे त्यांच्या गावीच नाही.

निवृत्तीनंतर मी घरात भिंतींशी बोलायला लागले होते, त्यापेक्षा हे बरं. बंद पडलेल्या शाळेचं निवारा केंद्र केलंय. रस्त्यावरच्या निराधार, मनाने आजारी बायकांना गाडीतून आणतात, आणि मी इथली मुख्य परिचारिका. साठ खाटा, धुतलेल्या चादरी, वेळेवर जेवण. परदेशी पाहुण्यांना शहर नीटनेटकं दिसावं म्हणून का होईना, या बायकांच्या अंगाला साबण तर लागला.

एक गंमत सांगते. आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी म्हणते, मला घर आहे. डॉक्टर म्हणतात, आजाराचं हेच लक्षण. वाद घालू नका, मान डोलवा. मग मीही म्हणते, हो बाई, आहे हो तुझं घर, आणि केसपेपरवर लिहिते, 'घर असल्याचा भास'. एक जण स्वतःला इस्त्रीवाली म्हणवते. रोज सकाळी विचारते, माझ्या इस्त्रीतले कोळसे कुणी विझवले का. मी रोज सांगते, विझवले. तेवढ्याने बिचारी गप्प होते.

काका कसा आहे? साखरेच्या गोळ्या तूच हातावर ठेव, त्याच्या भरवशावर राहू नकोस. कळावे, लोभ आहेच, तो टपालातूनही येत राहू दे.

तुझी
अक्का

९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातच उभी होते. चार दिवस झाले, दारातच असते. काका पाच तारखेपासून घरी आलेला नाही.

आधी वाटलं, रुसला. स्टेडियमच्या रस्त्यावरचे सगळे फेरीवाले उठवले, भिंती रंगवल्या, म्हणून मी त्याला म्हटलं होतं की स्पर्धा होईपर्यंत आमच्या शिवणाच्या दुकानात बस, एक टेबल रिकामं करते. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि कुणाच्यातरी घड्याळात डोकं घातलं. चाळीस वर्षं त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करत बसतोय, मला कोण उठवतो, ही त्याची गुर्मी तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर फुलांच्या कुंड्या होत्या.

चौकीत जाऊन आले. हवालदार भला होता, खुर्ची दिली. म्हणाला की आम्ही कुणालाच अटक केलेली नाही, म्हातारी माणसं विसरतात, गेले असतील नातेवाइकांकडे. तुझ्याकडे आलाय का ग? गोळ्यांची डबी इथेच राहिली आहे.

मी स्वयंसेवकांची जाकिटं शिवतेय. पाठीवर मोठ्ठं 'सुस्वागतम'. काल तीन जाकिटांना ते उलटं लावलं आणि मालकीणबाईंची बोलणी खाल्ली. जीव टांगणीला लागलाय. लगेच कळव. माया आहेच, ती आत्ता जरा जास्त लागणार आहे.

तुझी
बारकी

१२ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

काका इकडे आलेला नाही. व्यवस्थापकांना विचारलं, अशी केंद्रं एकूण किती. सहा, त्यांतली तीन पुरुषांची. आत कोण आहे ते सांगता येत नाही म्हणाले, कारण ही माणसं नावंही खरी सांगत नाहीत. मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं खोटी आहेत ते. त्यावर त्यांनी मला विश्रांती घ्यायला सांगितलं.

नंतर मी त्या इस्त्रीवालीजवळ बसले आणि पहिल्यांदाच तिला पत्ता विचारला. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, डावीकडे नाला, नाल्याला लागून तिसरं दार, निळ्या पत्र्याचं. उंबऱ्यापुढची फरशी डुगडुगते, जपून पाय ठेव, असंही म्हणाली. बारके, भासातली फरशी डुगडुगेल का ग? काकाला शोधायचं सोडून ही काय सांगते असं तुला वाटेल, पण त्या गल्लीत एकदा जाऊन ये. मला झोप नाही. रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस.

अक्का

१६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गेले होते. फरशी डुगडुगते. तू सांगूनही मी ठेचकाळले.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. तिची इस्त्रीची गाडी त्याला रस्त्यात उलटी पडलेली मिळाली होती. तेव्हापासून तो कामावर गेलेला नाही. शवागारात दोनदा जाऊन आलाय. ती जिवंत आहे म्हटल्यावर त्याने आधी विचारलं की ती जेवते का. मग केंद्राचा पत्ता घेतला आणि दार उघडंच टाकून पळाला. मीच कडी लावली.

अक्का, मी रागावले आहे. धाकट्या बहिणीने असं बोलू नये, पण तू तीस वर्षं आजारी माणसांत काढलीस. शुद्धीवरचं बोलणं आणि भ्रमातलं बोलणं तुला ओळखता येतं. तू ओळखायचा प्रयत्नच केला नाहीस. काकाही कुठेतरी कुणाला आपल्या घराचा पत्ता सांगत असेल, आणि कुणीतरी शहाणी बाई मान डोलवत असेल. मला रडू येतंय आणि पुढची पन्नास जाकिटं उद्या द्यायची आहेत. तुझ्यावर माया आहेच, ती कुठे जाते! पण आज तेवढंच.

बारकी

२० मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं खरं आहे.

आधी महत्त्वाचं. आमच्या चादरी नेणारा ड्रायव्हर सगळ्या केंद्रांवर जातो. त्याला काकाची खूण सांगितली होती. जुन्या गोदामातल्या केंद्रात एक किडकिडीत म्हातारा आहे म्हणाला. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय, काढून द्या, नीट करतो, म्हणून सगळ्यांच्या मागे लागलेला असतो. तोच. मागच्या बाजूला गोदामाचा पत्ता लिहिला आहे. मिळेल त्या गाडीने जा, गोळ्या ने, आणि सोडत नाहीत म्हणाले तर गेटवरून हलू नकोस. इस्त्रीवालीचा नवराही इथे गेटवर बसलाय. अंतिम सामन्यानंतर सोडू म्हणतात, आणि तो उठत नाही.

या जाड पाकिटात एकतीस चिठ्ठ्या आहेत. बायकांनी सांगितल्या, मी लिहून घेतल्या. प्रत्येकीवर पत्ता आहे. तू पोचव. केसपेपरवरची माझी ओळ मी खोडतेय. डॉक्टरांनी विचारलं, तर निदान चुकलं म्हणून सांगितलं, माझंच. नोकरी जाणार हे उघड आहे, फक्त चार दिवस टिकली तर उरलेल्या बायकांचे पत्तेही होतील. काकाला बघितलंस की कळव. तोवर माझ्या जिवात जीव नाही.

अक्का

२९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काका घरी आहे. गोदामाच्या गेटवर तीन दिवस उभी राहिले तेव्हा दिला. पाय सुजलेत, साखर खूप वाढलीये, डॉक्टर म्हणतात उतरेल. मला पाहून पहिलं बोलला ते ओरडूनच, की इतके दिवस कुठे होतीस. बरं वाटलं.

सव्वीस चिठ्ठ्या पोचल्या. पाच पत्त्यांवर घरंच उरलेली नाहीत, तिथे आता गाड्या लावायचं मैदान आहे. त्या पाचजणींना काय सांगायचं ते तूच ठरव.

काका बाहेर पडत नाही. जिन्यापर्यंतसुद्धा नाही. परवा त्याने मला कागद घेऊन बसवलं आणि सांगितलं, लिही, हा माणूस माझा काका आहे, माझ्या घरी राहतो. मला हसू आलं. तो हसला नाही. मग मी नीट लिहिलं, सही केली, तारीख घातली. त्याने भिंग लावून वाचलं आणि म्हणाला की एका सहीने भागत नाही, दुसरी इस्पितळातल्या माणसाची लागते, ती माणसं सांगतात तेच त्या केंद्रात खरं धरतात.

कागद सोबत पाठवत आहे. माझ्या सहीखाली जागा सोडली आहे. उलट टपाली सही करून पाठव. तो खिशात आल्याशिवाय काका दाराबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणतो. कळावे, राग गेला आहे, लोभ राहिला आहे.

तुझी
बारकी