नाण्यावरचे दोन हात

आईस, ऱ्हाईनकाठच्या छावणीतून सिलोचा नमस्कार.

मी अगदी ठणठणीत आहे. तू पाठवलेले लोकरी मोजे रोज घालतो. तुझा गुडघा कसा आहे? काळी शेळी व्याली का?

यंदाचा पगार नव्याकोऱ्या चांदीच्या नाण्यांत मिळाला. एका बाजूला नवा सम्राट, दुसऱ्या बाजूला एकमेकांना धरलेले दोन हात, आणि भोवती लिहिलंय, ‘सैन्याची एकी’. आमच्या तंबूतला म्हातारा वेत्तियस ते पाहून ओरडला, “मेलो! पोरांनो, आता आपसातच जुंपणार. जे घरात नसतं, तेच सरकार नाण्यावर छापतं!” तंबूभर हशा पिकला. पण खरंच गं, गेल्या साली नाण्यावर धान्यदेवी आली, आणि हिवाळाभर आम्ही घोड्यांच्या वाटचे जव खाल्ले.

हे नवं नाणं हाती आल्यापासून शेजारच्या पलटणीशी आम्ही फार गोड बोलतो. तू मुळीच काळजी करू नकोस.

एक नाणं सोबत पाठवतोय, धाकटीला खाऊ घे. मात्र बाजारात कधी शांतिदेवीचं नाणं आलं, तर धाकटीला आणि शेळ्यांना घेऊन तडक मामाच्या डोंगरावर जा.

तुझा, वेळेवर जेवणारा,
सिलो