टोमणा थांबला तेव्हा

शिरपूर, मंगळवार, जेवणानंतर

पेपरला बातमी पाठवायची राहिली. राहू दे.

पुतणी केतकीची उद्या कंट्रोल सिस्टिमची तोंडी परीक्षा. मला समोर बसवून शिकवत होती: यंत्राच्या आतली अवस्था दिसत नाही, बाहेर जे येतं त्यावरून ती ओळखायची. म्हटलं, "म्हणजे धुरावरून अग्नी! त्यासाठी इंजिनिअरिंग कशाला?" मग ती मॅट्रिक्सवर गेली आणि मी नुसता ऐकत राहिलो. इन्सुलिन घेतलं होतं, जेवण मात्र तिच्यासाठी लांबवलं. शहाणपण कुठे गेलं होतं कोण जाणे.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "काहून हो, केव्हाचा एकबी टोमणा नाही? बरं वाटून राह्यलं ना?"

हो म्हणालो. तिनं मानलं नाही, गुळाचा खडा तोंडात कोंबला. यंत्र लावलं, तर साखर पार खाली. मला स्वतःला पत्ता नव्हता! टोमणा नाही, एवढ्यावरून ओळखलं तिनं?

केतकी म्हणाली, "काकू, उद्या हेच उदाहरण सांगू का?"

जेवायला बसलो. आभार मानायचे होते. तोंडातून निघालं, "वरणात मीठ कमी आहे."

ही केतकीकडे वळली. "आता बरे हायेत हे," म्हणाली, आणि मगच स्वतःचं ताट वाढून घेतलं.