शेंडे मी खुडले होते, अक्का

प्रिय अक्का,

आज परड्यातले आलू काढले. तू गेल्यानंतरचं हे पहिलंच पीक. दोन पाट्या भरल्या आणि तिसरी अर्धी झाली. त्या अर्ध्या पाटीचं कौतुक तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पण नुसतं तेवढंच सांगायचं असतं तर वाफ्याकडे तोंड करून सांगितलं असतं. आज आणखी एक गोष्ट घडली, आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला भाकरी गोड लागणार नाही. म्हणून हातपाय धुऊन, ओट्यावर उजेडाला बसून लिहायला घेतलं.

अक्षरंही तुझीच आहेत बघ. करजगीहून मी ह्या जनवाड्यात आले तेव्हा मला कानडी बोलता यायचं, मराठी बोलता यायचं, लिहिता मात्र काहीच येत नव्हतं. तू परातीत चुलीची राख पसरून मला गिरवायला बसवलंस. तुझं माहेर उदगीरकडचं, वडील मास्तर. ‘आली मोठी शिकलेली!’ असं मी मनातल्या मनात म्हणायची. आता चुका काढ हवं तर, पण हसू नकोस.

माझं लग्न झालं तेव्हा निजामावर पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली होती. थोरले भाऊजी त्याच्याही आधी तापाने गेलेले. नवऱ्यामागे तू ह्या घरात राहिलीस, आणि राहिलीस ती मालकिणीसारखी. मामा कुणाचं ऐकत नसत, पण कणगीतून धान्य काढून द्यायचा पितळी शेर त्यांनी तुझ्या हातात दिला होता. रोज सकाळी तू शेराने जोंधळे मोजून द्यायचीस आणि मी जात्यावर बसायची. सासऱ्याने थोरल्या सुनेला दिलेला तो मान होता. त्या शेराकडे बघून मला हेवा वाटायचा, आज कबूल करते.

मी आले आणि त्या साली पाऊस जो गेला तो गेलाच. शेजारणी पायगुणाचं कुजबुजायला लागल्या. तू आडावर, चारचौघींत म्हणालीस, “हिचं पाय बगा की किती बारके हायत! एवढं मोठं आभाळ हिनं कसं अडवलं म्हणता?” सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच मेला. मी मात्र घागर भरेपर्यंत रडत होते. तुला दिसलं होतं का गं?

खळ्यावर आलं ते थोडं, त्यातलं सरकारी लेव्हीला गेलं, उरलं ते कणगीच्या तळाशी. आणि नेमकं तेव्हा तू बिदरच्या बाजारातून पदरात काय बांधून आणलंस, तर कोंब आलेले, सुरकुतलेले आलू! भाजीवाल्या मदारबीने ते फेकायला काढले होते. तू मागितले, तर तिने वर शिकवणीही दिली, “आँख ऊपर रखना, अम्मा. पानी बहोत नक्को डालो.” हे तू घरी तिच्याच आवाजात म्हणून दाखवलंस तेव्हा मामासुद्धा मिशीत हसले होते.

हसले तरी पटलं नव्हतंच त्यांना. “आलू म्हंजी शहरातल्या लोकांचा शौक. परड्यात कडबा रचायचाय मला,” म्हणाले. तू म्हणालीस, “मामा, शेतातलं जोंधळं लेव्हीचं. परड्यातलं गड्डं आपलं. ते मागायला कोण येतंय?” निम्मं परडं तुला मिळालं.

आपली माती काळी, चिकट. तीत गड्डा पोसायचा नाही म्हणून तू बिदरच्या वाटेवरच्या माळाची तांबडी माती डोक्यावरून आणलीस आणि मांजरा नदीची वाळू तीत कालवलीस. किती पाट्या वाहिल्या आपण, आठवतंय? प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे ठेवून तू आलू कापलेस, कापलेल्या अंगाला राख चोळलीस, आणि मला शिवूसुद्धा दिलं नाहीस. न्हाणीचं पाणी चर खणून वाफ्याकडे वळवलंस. शेळी तिकडे फिरकू नये म्हणून तिचं दावं आखूड केलंस. कोंब वर आले त्या दिवशी तू मामांना हाताला धरून परड्यात नेलंस! सासऱ्याला हाताला धरणारी सून मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

आणि मग मी माझं शहाणपण दाखवलं.

तू बहिणीच्या बाळंतपणाला दोन दिवस बिदरला गेली होतीस. रोपं वितीपेक्षा उंच झाली होती, कशी हिरवीगार, लुसलुशीत! आमच्या करजगीला हरभरा एवढा झाला की बायका ओटी बांधून शेतात शिरतात आणि शेंडे खुडतात. शेंडे खुडले की हरभरा फुटतो, पसरतो, घाटे जास्त धरतो. शिवाय घरात भाजी होते ती वेगळीच. लहानपणापासून माझा हात त्यात बसलेला. मला वाटलं, अक्का आलूच्या मागे एवढी लागलीय आणि एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नाही! ती यायच्या आत करून ठेवावं, म्हणजे खूश होईल. दोन्ही वाफ्यांचे शेंडे मी सपासप खुडले. सूप भरून पाला निघाला. लसूण घातला, जोंधळ्याचं पीठ पेरलं, घोटून भाजी केली आणि मोठ्या तोऱ्यात वाढली.

कडू लागतंय, असं ह्यांनी म्हटलं होतं. मामा म्हणाले, “मेथी बी कडूच असती. खा गुमान.” बिचाऱ्यांनी नव्या सुनेचं मन राखायला दोनदा मागून घेतली. त्यानंतर जे झालं ते काय लिहू? दोघंही पोट धरून परड्याच्या भिंतीशी ओकत बसले. मला स्वतःला गरगरत होतं, पण पोटातल्या कळीपेक्षा भीतीच जास्त होती.

संध्याकाळी तू आलीस. एकदा माणसांकडे बघितलंस, एकदा बोडक्या रोपांकडे. मला आडोशाला ओढलंस आणि उरलेली भाजी शेळीपुढे टाकलीस. शेळीने वास घेतला आणि मान फिरवली. “शेळीला कळतंय, आन् तुला कामून कळंना गं?” एवढंच बोललीस. मी तुझे पाय धरले. मामांना काय सांगू म्हणून विचारलं. तू पदर खोचलास आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस.

“मामा, चूक माझी हाय. जाताना मीच गंगूला सांगून गेलते, शेंडं खूड म्हणून.”

मामा बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या समदं उपटून टाक.” तू म्हणालीस, “शिवरात्रीपतोर थांबा. गड्डं न्हाई लागलं तर माझ्या हातानं उपटते आन् तुमचा कडबा बी मीच रचून देते.” ते उठले, तुझ्या हातातून शेर मागून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. “आजपास्नं दाणं ही काढंल.”

अक्का, तो क्षण मी विसरले नाही. चूक माझी, आणि मान मलाच! नवरा पाठीशी नसलेली बाई तू. त्या शेराखेरीज ह्या घरात तुझं म्हणून काय होतं? आणि मी गप्प उभी राहिले. तुझ्याएवढा जीव नव्हता माझ्यात.

नंतर तू त्या थोटक्या रोपांना कसं जगवलंस ते मी रोज बघितलं. राख घातलीस, मातीची भर लावलीस, त्यांच्याशी बोललीससुद्धा. ती पुन्हा फुटली. पाला पिवळा पडला तसं पाणी तोडलंस आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी आपण दोघींनी वाफा उकरला. कणगीत तेव्हा चार दिवसांचेच जोंधळे उरले होते. मला नक्की माहीत होतं, शेर माझ्याच हातात होता ना! पहिल्या रोपाखाली काहीच निघालं नाही. दुसऱ्याखाली सुपारीएवढे तीन. तू खुरपं बाजूला टाकून नुसत्या बोटांनी माती उकरलीस, आणि तिसऱ्याखाली एक आला, अंगच्या मातीसकट मुठीत न मावणारा. तू जी ओरडलीस! हरवलेलं माणूस सापडल्यावर ओरडावं तशी.

शिवरात्रीला लिंगपूजा आटोपून मामा बसले. उपासाला आलू चालतो का, ह्यावर त्यांची शंका. तू म्हणालीस, “रताळं चालतंय, तर आलूनं काय घोडं मारलंय?” त्यांनी उकडलेला आलू सोलला, मीठ लावलं, खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी दुसरा घेतला. मग मला शेर आणायला सांगितलं आणि तुझ्या हातात परत दिला.

त्या उन्हाळ्यात आपण आलूवर जगलो. सकाळी उकडून, संध्याकाळी जोंधळ्याच्या मूठभर पिठात मळून. शेजारच्या घरी लोक बाभळीच्या शेंगा उकडून खात होते, त्यांनाही तू पाटीभर दिलेस. आणि एवढ्या ओढगस्तीतही सगळ्यात मोठे आलू वाळूच्या मडक्यात बियाण्याला ठेवलेस. मी चिडले होते. मोठे मातीला आणि बारके माणसांना, ही कुठली रीत? निम्मे कुजले तरी निम्मे जगले, आणि पुढच्या कार्तिकात तू ते मडकं माझ्यापुढे ठेवलंस.

दर वर्षी आलू काढताना मामांची थट्टा ठरलेली, “शांतव्वा, औंदा पाला खाऊ घालणार का?” तू हसायचीस. मी चुलीत फुंकर मारत बसायची. पाच वर्षं, अक्का! दर वर्षी म्हणायची, आता सांगते. आषाढात तुला ताप आला तेव्हा तर ठरवूनच टाकलं होतं. पण तू थांबलीसच कुठे? चार दिवसांत निघालीस. आपल्या लिंगायतांच्या रीतीने विभूती लावून, बसवून तुला मातीत ठेवलं, आणि परत आल्यावर मी ते वाळूचं मडकं कवटाळून बसले. एवढी घाई कामून केलीस?

आज मामा ओट्यावर बसून बघत होते. आता थकलेत. गावात सगळीकडे एकच बोलणं, आपला जिल्हा म्हैसूर राज्यात जायलाय की आणखी कुठं. मामा म्हणाले, “राज्य कुठं बी जाऊ द्या, वाफा हितंच ऱ्हातोय.” मी गरम आलू त्यांच्यापुढे ठेवले. ते सोलता सोलता सवयीने बोलून गेले, “शांतव्वा, औंदा पाला...” आणि थांबले. आलू तसाच हातात राहिला.

मला राहवलं नाही. म्हटलं, “मामा, पाला अक्कानं न्हाई खाऊ घातला. शेंडं मी खुडले हुते. तिनं मला सांगितलं बी न्हवतं.”

“म्हाईत हाय,” मामा म्हणाले.

मी त्यांच्यापुढे खालीच बसले.

“जिनं शेळीला वाफ्याकडं फिरकू दिलं न्हाई, ती शेंडं खूड म्हणंल व्हय? त्याच दिवशी कळलं मला. शेर कुणाला दिलता, इसरलीस का? उपाशी घराला रोजचं किती लागतंय, ते चुकणारीलाच कळावं म्हणून दिलता.”

“मंग बोलला कामून न्हाईत एवढी वर्षं?”

“तिनं तुला पदराखाली घेतलं हुतं. तिथनं वढून काढायचं मला काय काम?”

अक्का, तुला हे ठाऊक होतं का? शेर मागून घेताना त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू त्यांच्याकडे बघितलंस, तेव्हाच तुमचं दोघांचं ठरलं होतं का? मग मलाच तेवढी पाच वर्षं चुलीत तोंड घालून बसवलंत! मला तुझा राग आला, खरंच आला. मग परड्यात जाऊन पोटभर रडले. परत आले तर मामांनी पाटीतले सगळ्यात मोठे आलू निवडून बियाण्याला बाजूला काढले होते. मी काही सांगितलं नव्हतं.

आता शेर माझ्याकडे आहे. घर नीट चाललंय, काळजी करू नकोस. तांबडी माती दोन पाट्या नवी आणून घातलीय. आणि एक सांगायचं राहिलं. धाकट्या भाऊजींचं लग्न ठरलंय, वैशाखात. मुलगी माझ्या माहेराच्या अफजलपूरकडचीच आहे, हरभऱ्याच्या रानातली. कार्तिकात तिला वाफ्याशी नेऊन मी आधी माझीच फजिती सांगणार, माझ्या नावानिशी. तरीसुद्धा ती काहीतरी करून ठेवीलच, नव्या नवऱ्या करतातच. त्या दिवशी मामांपुढे तिच्याआधी मी जाऊन उभी राहीन आणि म्हणेन, चूक माझी हाय, मीच तिला सांगितलं हुतं. हा शब्द तुला देते, अक्का.

तुझी धाकटी जाऊ,
गंगू