एका पेटीतली दोन बिऱ्हाडं

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. बाबांची गळ्याची जखम भरत आली, पातळसर जेवण आता नीट जातं. आवाज गेला तरी हुकूम थांबलेले नाहीत, सगळं पाटीवर लिहून चालतं. काल तुझ्या भावजयीला 'चहा?' असं पाटीभर लिहून दाखवलं, म्हणजे ते ओरडणंच झालं. दाजींचा गुडघा कसा आहे? जिने चढू देऊ नकोस त्यांना.

फोन सोडून हा पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. फोनवर तू "हं, बोल" म्हणतेस आणि माझी दातखीळ बसते.

आधी नव्या कॉम्प्युटरचं सांगतो. घरात दोन होते हे तुला माहीत आहे. एक माझ्या रोजच्या कामाचा आणि दुसरा नुसता साठवणीचा, घरातले फोटो, कागदपत्रं, बाबांचं रेकॉर्डिंग ठेवायला. दोघांचे पंखे दिवसभर घुंई करायचे, टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. म्हटलं, एकच दणकट पेटी घ्यावी आणि तिच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन चालवावीत. म्हणजे यंत्र एक, पण आत दोन बिऱ्हाडं. एक साठवण सांभाळतं, दुसऱ्यावर मी काम करतो, आणि भिंत अशी की एकाचं दुसऱ्याला कळत नाही. जमलं तेव्हा मी घरभर मिरवत होतो. तुझी भावजय म्हणाली, "आता जेवायला तरी या बिऱ्हाडातून."

विषय टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाबांच्या गोष्टींच्या दोन डिस्क होत्या, एक माझी आणि एक तुझी. तू द्यायला तयार नव्हतीस. मीच तुझ्या मागे लागलो, "तुझ्याकडे कपाटात पडून काय उपयोग? माझ्याकडे दोन्हींवर एकदम लिहिलं जाईल. एक बिघडली तरी दुसरी आहेच." तू दिलीस. तुझ्याकडे दुसरी प्रत नव्हती, हे मला माहीत होतं.

जोडताना मी त्या दोन्ही डिस्क चुकीच्या बिऱ्हाडाला दिल्या. माझ्या कामाच्या मशीनला त्यांच्यावरचं लिखाण ओळखता येईना. त्याने विचारलं, डिस्क कोऱ्या दिसताहेत, तयार करू का? मला वाटलं, पेटीसाठी नव्या आणलेल्या डिस्कबद्दल विचारतंय. हो म्हटलं. वर वेग बघायला भल्यामोठ्या फाइली त्यांच्यावर ओतल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, वर लिहिलं नसतंत तर काहीतरी निघालं असतं."

ताई, बाबांच्या गोष्टी गेल्या. सगळ्या.

तिकीट न काढता बसमध्ये चढणारा बेडूक गेला. "पुढे सरका, पुढे सरका" म्हणताना बाबांना आपली कंडक्टरकी आठवून हसू यायचं, तेही गेलं. ऑपरेशनच्या आधी, घसा दुखत असताना, कोमट पाणी पीत पीत ते तुझ्या छोटीसाठी बोलले होते. आणि मी तुला सांगत राहिलो की कॉपी चालू आहे, केबल मागवलीय. कॉपी नव्हती आणि केबलही नव्हती. मला तुला खरं सांगायची लाज वाटत होती. छोटी फोनवर "मामा, बेडूक कधी पाठवणार?" विचारायची तेव्हा मी तोंड लपवून फोन तुझ्या भावजयीकडे द्यायचो.

मग कुठेतरी बाबांचा आवाज सापडेल म्हणून माझा फोन धुंडाळला. एक व्हॉइस मेसेज मिळाला, न ऐकलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ती पेटी जोडत होतो तेव्हा बाबांनी दवाखान्यातून केलेला फोन मी उचलला नव्हता. म्हटलं, रागावायला केला असेल. रागावायलाच केला होता:

"शहाण्या, फोन का उचलत नाहीस? ताईची डिस्क तिला परत दे. तुझं यंत्र चांगलं असेल, पण एक तिच्याकडे राहू दे. मला उद्या बोलता येणार नाही म्हणून आज सांगतोय. बरं, ठेवतो."

तेवढंच उरलंय. ते पुसून टाकावं असंही मनात आलं, कारण ते ऐकल्यावर तुला कळणार की बाबांनी मला वेळेवर सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, बोट तिथवर गेलं होतं.

आज सकाळी बाबांना सगळं सांगितलं, मेसेजही ऐकवला. त्यांनी पाटी पुसून घेतली. मग लिहिलं, 'ताईला कोण सांगणार?' आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

पाकिटात पेन ड्राइव्ह आहे, त्यात तो मेसेज आहे. यात बेडूक नाही, नुसती माझी खरडपट्टी आहे. छोटीला ऐकवायचं की नाही ते तू ठरव. माझ्याशी बोलायचं की नाही, तेही. पण हे जपून ठेव. एक तुझ्याकडे राहू दे.

तुझा,
शहाणा