साध्या चेहऱ्यामागचा ठिपका

दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भिंगरीला नैराश्य आहे, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सोळाव्या वर्षी कसलं आलंय नैराश्य, असं आधी मीच म्हणाले होते; आता ते शब्द गिळतेय.

गोळ्यांबरोबर नजरेचा सराव दिलाय. कॉम्प्युटरवर क्षणभर दोन चेहरे दिसतात, एक उदास, एक साधा. मग साध्याच्या जागी ठिपका उमटतो. तो दिसला की बटण दाबायचं. रोज पंधरा मिनिटं, सहा आठवडे. तिची नजर उदास चेहऱ्यावरच अडकते, ती सोडवायची म्हणे. मी गिरणीत अठरा वर्षं कापडातले दोष शोधतेय. अख्ख्या ताग्यात मला सुटलेला धागाच आधी दिसतो. माझीच पोर, दुसरं काय होणार!

चार दिवस बसली. काल पांघरुणातून हातही बाहेर काढला नाही. दिवस बुडाले तर बाई हा उपचारच बंद करतील, अशी धास्ती वाटते. काय करू, कळव.

तुझीच,
धाकटी

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रडूबाई, आधी डोळे पूस. माझी दाढ काढली. चार दिवस तोंड बंद, त्यामुळे तुझे भावोजी भलतेच खुशीत आहेत.

एवढी धास्ती घेऊ नकोस. एखाद्या दिवशी तूच दाब की बटणं. शाळेत माझं विणकाम तूच पुरं करायचीस, बाईंना कधी पत्ता लागला का? वेळ मारून ने. पोर सावरली की बसेल आपणहून.

भिंगरीच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझी,
ताई

दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. तुला दोष देत नाही, बटणं माझ्याच बोटांनी दाबली. एका दिवसाचे एकतीस झाले.

काल कॉम्प्युटरनं काढलेला सरावाचा आलेख बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. नजर छान सुटतेय, आता दोन महिन्यांनी या, म्हणाल्या. मी मान डोलावली गं. उतरताना जिन्यात भिंगरी थांबली आणि अगदी शांतपणे म्हणाली, की आई, तू बरी झालीस की. मग मी का नाही झाले?

मी तिला घेऊन तशीच परत वर गेले आणि सगळं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. भिंगरीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. आता सराव पहिल्यापासून, आणि भेट दर आठवड्याला. दीड महिना मी पोरीचा वाया घालवला.

आज ती आपणहून बसली. पण मी शेजारी नको, म्हणाली. पडद्यावर दोन चेहरे असतात, तिसरा माझा, आणि तिची नजर आधी माझ्यावरच जाते म्हणे. म्हणून स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. इतका वेळ बटणाचा आवाज येत होता. आत्ता थांबलाय. पंधरा मिनिटं अजून झालेली नाहीत. काही झालं तरी उठून येऊ नकोस, असं तिनं बजावलंय. मी बसून आहे.

लोभ आहे तसाच राहू दे. सल्ला मात्र या खेपेला पाठवू नकोस.

तुझीच,
धाकटी